चरबीत संशोधन

स्वतःचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत डॉ. रुचिता रामटेके हिनं पहिल्यांदाच पाहिलं, आणि सिग्नल लाल होता म्हणून ती वाचली. नाहीतर शंकर नगरच्या चौकात तिची स्कूटी सरळ विजेच्या खांबाला धडकली असती. फ्लेक्स त्याच खांबावर होता.

वर निळ्या पट्टीत समाजाच्या मंडळाचं नाव. मध्ये रुचिताचा फोटो, पासपोर्टसाठी काढलेला, ज्यात कोणीही फरार आरोपी वाटतं तसा. आणि खाली हिंदीत: ‘समाज का गौरव डॉ. रुचिता रामटेके. विषय : चर्बी में संशोधन. रविवार सुबह, सपरिवार लाभ लें. पोहा-जलेबी की व्यवस्था है.’

“दीदी,” शेजारच्या स्कूटीवरच्या बाईंनी विचारलं, “ये डॉक्टर महीने में कितना किलो कम कराती है, कुछ पता है?”

रुचिताच्या चेहऱ्यावर रायपूरच्या मुली बांधतात तसा स्कार्फ होता, फक्त डोळे उघडे. त्या डोळ्यांत काय होतं ते बाईंना दिसलं असतं तर त्यांनी पुढचं विचारलं नसतं. “और चावल छोड़ना पड़ेगा क्या?”

सिग्नल सुटला. बाई गेल्या. रुचिता मात्र गाडी कडेला घेऊन थांबली, कारण खांबाला शिडी लावलेली होती आणि शिडीवर एक तरुण सुटलेला कोपरा सुतळीनं बांधत होता. बांधून झालं की तो मागे झुकून फ्लेक्सकडे पाहायचा. आपण लिहिलेलं सरळ टांगलं गेलंय का, हे पाहायला आलेल्या माणसाचं ते पाहणं होतं.

“हे कोणी लिहिलं?” रुचितानं खालून विचारलं.

“मैंने.” आवाजात लेखकाचं समाधान होतं. “अच्छा है ना?”

“यातला ‘संशोधन’ कुठून आणला?”

“ओरिजिनल में वही था. मराठी में आया था, हमने हिंदी कर दिया.”

“म्हणजे तुम्हाले मराठी येते.”

“समझता पूरी हूँ. बस बोलता नहीं.”

“समजतही नाही,” रुचिता म्हणाली.

शिडीवरच्या माणसानं सुतळीची गाठ अर्धी सोडली आणि खाली पाहिलं. “देखिए मॅडम, संशोधन तो मेरा रोज का काम है. नवा रायपुर में विधि शाखा में बैठता हूँ. अधिनियम में कुछ गलत रह जाए तो उसमें संशोधन करते हैं. ये डॉक्टर साहब चर्बी में करती होंगी.”

“ती तर दुरुस्ती झाली. मराठीत संशोधन म्हणजे रिसर्च.”

“रिसर्च तो शोध होता है.”

“मराठीत शोध म्हणजे हरवलेली वस्तू हुडकणं.”

परतीचा पाऊस कधीचा यावं की न यावं या विचारात होता, तेवढ्यात त्याचे चार थेंब फ्लेक्सवर पडले – नेमके रुचिताच्या फोटोच्या गालावर.

“तो…” तो एक पायरी खाली आला, “ये डॉक्टर साहब चर्बी कम नहीं करतीं?”

“नाही.”

“आपको कैसे पता?”

रुचितानं स्कार्फ सोडला. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग फ्लेक्सकडे, मग पुन्हा तिच्याकडे. या वेळी जरा जास्त वेळ.

“फोटो में तो—” तो अडखळला.

“बोला ना. काहून थांबले?”

“फोटो में संशोधन की गुंजाइश है.”

यावर हसायचं नाही, असं रुचितानं ठरवलं. तिनं स्कार्फ पुन्हा बांधला, गाडी वळवली आणि चौक ओलांडल्यावर, स्कार्फच्या आत, एकटीच हसली.

*

हसू घरापर्यंत टिकलं नाही. कारण रविवारचा कार्यक्रम तिनं गमतीसाठी ठरवलेलाच नव्हता.

तिचे वडील, भैय्यालालजी, रेल्वेच्या वॅगन कारखान्यातून रिटायर झालेले. पोरीनं शिकावं म्हणून त्यांनी जे करायचं ते केलं, आणि पोरगी इतकी शिकली की ती काय करते हे त्यांना सांगता येईना. लोक विचारत, “रुचिता काय करते?” ते ताठ होऊन सांगत, “सायंटिस्ट हाय.” इथपर्यंत ठीक होतं. पण आपले लोक तिथं थांबत नाहीत. “म्हणजे काय करते?” असं विचारलं की भैय्यालालजी हवामानावर बोलू लागत.

रुचिताचा पहिला मोठा पेपर परदेशातल्या जर्नलमध्ये आला तेव्हा त्यांनी त्याचं पहिलं पान लॅमिनेट करून बैठकीत लावलं. पाहुणे विचारत, यात काय लिहिलंय? ते कसंनुसं हसून सांगत, “इंग्रजी हाय.”

आणि मागच्या उन्हाळ्यात डोंगरगडला एका लग्नात रुचितानं मागून ऐकलं होतं. कोणीतरी विचारलं, आणि बाबा पडेल आवाजात म्हणाले, “चरबीचं कायतरी हाय… तुम्ही जेवले काय?”

ते ‘कायतरी’ तिला लागलं. बाबांना अभिमान होता, फक्त त्यांच्याकडे वाक्य नव्हतं. तिनं जगाला इंग्रजीत सगळं समजावलं होतं, आणि ज्या माणसानं फी भरली त्याला चहा विचारून गप्प केलं होतं. म्हणून मंडळाचे सचिव नत्थूजी सत्काराचं विचारायला आले तेव्हा ती म्हणाली, “शाल नको. भाषण देते. मराठीत.” एकदा, बाबांच्या लोकांसमोर, बाबांच्या भाषेत. एवढंच हवं होतं. आणि आता अख्खं रायपूर तिच्याकडे वजनकाटा घेऊन येणार होतं.

“अवं बाई, फ्लेक्स चौका-चौकात लागले आता,” नत्थूजी फोनवर म्हणाले. “अन् रिस्पॉन्स लय भारी हाय. बायाईचे फोनावर फोन. एवढी गर्दी तर भीमजयंतीलेच होते!”

“काका, त्या वजन कमी करायला येऊन राहिल्या.”

“येऊ दे ना. आल्यावर ऐकतीनच. अन् ज्यानं लिवलं, त्या पोट्ट्याले पाठवतो तुह्याकडं. प्रशिक नाव हाय. खोब्रागड्याचा. भाषणाले मदत करन.”

“तो मदत करेल?”

“सरकारी मानूस हाय,” नत्थूजी म्हणाले. हे आश्वासन होतं की इशारा, ते त्यांनी सांगितलं नाही.

*

प्रशिक खोब्रागडे दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर प्रयोगशाळेच्या फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर आला. शर्ट इस्त्रीचा, चेहरा गुन्हेगाराचा.

“क्या सजा है?” त्यानं बसायच्या आधीच विचारलं.

“ऐका,” रुचिता म्हणाली आणि भाषणाचं पहिलं वाक्य वाचलं. “यकृतपेशींमधील मेदबिंदूंच्या विघटनाचे नियमन हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे.”

प्रशिकनं चहाचा कप खाली ठेवला. “ये मराठी है?”

“हो.”

“तो फिर मेरी उतनी भी गलती नहीं थी.”

रुचिता रागावणार होती. पण वाक्य तिनंच पुन्हा मनात वाचलं आणि तिला बाबांचा चेहरा दिसला. इंग्रजीसाठी ते जसं हसत, तसं या मराठीलाही हसले असते.

“बरं,” ती म्हणाली. “मग तुम्ही बाबा आहात असं समजा. विचारा.”

“आप करती क्या हैं?”

“पेशी असते. शरीराची सगळ्यात लहान खोली समजा. ती जेवते. उरलेली चरबी थेंब करून ठेवून देते. उपास पडला की थेंब फोडते, जाळते, जगते. त्या थेंबाभोवती एक प्रोटीन पहारा देते. उपासाच्या वेळी ते बाजूला सरकतं, मग चरबी बाहेर निघते. काही लोकांच्या लिव्हरमध्ये ते सरकतच नाही. माणूस दिसायला काडी, अन् लिव्हर चरबीनं भरलेलं. डॉक्टर म्हणते, दारू पिता काय? घरचे म्हणते, चोरून खाता काय? ते बिचारे काहीच नाही करत. त्याईच्या पेशीले फक्त…”

“…निकालते नहीं बनता,” प्रशिक म्हणाला.

रुचितानं त्याच्याकडे पाहिलं. सहा वर्षांत तिच्या बॉसनं तिचं वाक्य पूर्ण केलं नव्हतं. तोडलं मात्र बरेचदा होतं.

“हव,” ती म्हणाली. “निघतच नाही.”

“कोठी जैसा. धान भरा है, और चाबी गुम.”

“चाबी नाही…” ती विचार करू लागली. तिची बोटं टेबलावर काहीतरी उघडत-मिटत होती. “चाबी बाहेरून लागते. हे आतून लागलेलं आहे. कडी. कडी अडकली आहे!”

“कडी,” प्रशिक म्हणाला. त्याच्या तोंडून निघालेला तो पहिला मराठी शब्द. तो हिंदीतही तोच आहे, हे दोघांनीही लक्षात आणून दिलं नाही.

पुढचे दिवस संध्याकाळी टपरीवर असेच गेले. ‘विघटन’ गेलं, ‘नियमन’ गेलं, ‘मेदबिंदू’ जायला तयार नव्हता, त्यालाही शेवटी काढलं. प्रशिक सरकारी कसबानं शब्द छाटायचा आणि रुचिता त्यातला एखादा हट्टानं परत लावायची.

“आप में घमंड है थोड़ा,” एकदा तो म्हणाला.

“थोडा नाही.”

“हाँ, वही कह रहा था.”

“त्रास होते काय?”

“नहीं,” प्रशिक म्हणाला, आणि चहात नसलेली साखर ढवळू लागला. “अच्छा लगता है. हमारे यहाँ लोग अच्छा काम छुपाके करते हैं, जैसे चोरी हो.”

तिनं विचारलं, मराठी समजते तर बोलत काहून नाही? त्यावर त्यानं कप बाजूला सारला. मग सांगितलं. लहानपणी गोंदियाला मावशीकडे गेला होता. सगळे जमलेले. मावशीनं विचारलं, परीक्षेत पहिला येशील ना? त्याला म्हणायचं होतं, खूप प्रयत्न करीन. हिंदीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न. तो छाती काढून मराठीत म्हणाला, “मावशी, मी तुमच्यासाठी खूप चेष्टा करीन!” मावसभावंडं दोन दिवस हसत होती. “तब से,” तो म्हणाला, “सुनता हूँ बस. बोलने में… कौन सा शब्द पलट जाए, भरोसा नहीं.”

रुचिता हसली नाही. हसली असती तर ही गोष्ट इथंच संपली असती.

*

शनिवारी दुपारी तिनं त्याला आत, प्रयोगशाळेत नेलं. भाषणात जे दाखवायचं ते आधी एका अडाण्याला दाखवून पाहावं, हे कारण तिनं दिलं. त्यानं ते लगेच मान्य केलं. इतक्या लवकर त्याच्या विभागात काही मान्य होत नसे.

खोली अंधारी, गार. सूक्ष्मदर्शकाच्या पडद्याचा तेवढा उजेड. “इथं पाहा. डोळा चिकटवू नका. श्वास काचेवर सोडू नका.”

“श्वास लूँ या वो भी नहीं?”

“गरजेपुरता घ्या.”

त्यानं वाकून पाहिलं. चित्र धूसर होतं. स्पष्ट करण्यासाठी तिनं हात पुढे केला तेव्हा फोकसच्या चकतीवर त्याचा हात आधीच होता. दोघांनी एकदम काढला. मग दोघांनी एकदम परत ठेवला. शेवटी चित्र कोणी स्पष्ट केलं, हे दोघांनाही सांगता आलं नसतं. पण ते झालं. काळ्या पार्श्वभूमीवर हिरवे, चमकणारे, गोल गोल थेंब. काही मोठे, काही इवलेसे, एकमेकांना खेटून.

प्रशिक आणखी वाकला.

“कसं वाटते?”

“हरा साबूदाना,” तो हळूच म्हणाला.

जर्नलच्या परीक्षकांनी या थेंबांना बरंच काही म्हटलं होतं. त्यातलं काहीही इतकं खरं नव्हतं.

“हे उंदराच्या लिव्हरचे आहेत,” ती म्हणाली. “उपाशी ठेवलेल्या. हे थेंब आतापर्यंत संपायला पाहिजे होते. नाही संपले. सगळे म्हणत, प्रयोग चुकला. मी म्हटलं, प्रयोग नाही चुकला, पेशी अडकली. पुन्हा केला. पुन्हा तेच. माझ्याशिवाय कोणी मानलं नाही… मग मानलं.”

अंधारात तिचा चेहरा हिरवट दिसत होता आणि मान ताठ. फ्लेक्सवरचा फोटो कोणी काढला असेल त्याचा प्रशिकला त्या क्षणी संताप आला.

“एक छोटा-सा संशोधन प्रस्तावित करूँ?” त्यानं विचारलं.

“भाषणात? आता?”

“भाषण में नहीं.” त्यानं घसा साफ केला आणि ऑफिसच्या आवाजात म्हणाला, “शब्द ‘तुम्ही’ के स्थान पर, जहाँ-जहाँ वह आया हो, शब्द ‘तू’ प्रतिस्थापित किया जाए.”

रुचितानं पडद्याकडेच पाहत उत्तर दिलं. “प्रस्ताव विचाराधीन आहे.”

“कितने दिन?”

“सरकारी माणसानं हे विचारू नये.”

*

रविवारी सकाळी विहारामागचं सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगांत बायका वह्या-पेनं घेऊन बसलेल्या. भैय्यालालजी पहिल्या खुर्चीवर, नवीन शर्टात, गुडघ्यांवर दोन्ही हात. शेजारी रुचिताची आई कमलाबाई. प्रोजेक्टर मात्र नव्हता, कारण तो घेऊन येणारा माणूस नव्हता. वंदना झाली, नत्थूजींचं प्रास्ताविक झालं, ते संपता संपता प्रशिक घामाघूम होत प्रोजेक्टर आणि तारांचं भेंडोळं घेऊन आत शिरला.

“कुठं होता तू?” रुचिता कुजबुजत ओरडली. “जीव घेतो काय माह्या?”

प्रशिक जागच्या जागी थांबला. “पारित हो गया?”

“काय?”

“कुछ नहीं.” तो हसत मागे प्रोजेक्टर लावायला गेला, आणि चुकीची तार चुकीच्या जागी दोनदा लावली.

रुचिता माइकपुढे आली. “जय भीम. आधीच सांगते… माझ्याकडून कोणाचं एक किलोही कमी होणार नाही.”

वह्या मिटल्या. दोघी-तिघी उठू लागल्या. पण मागून पोह्यांचा वास येत होता आणि पोहे भाषणानंतर होते. नत्थूजींचं नियोजन वर्षानुवर्षांच्या अनुभवातून आलेलं होतं. बायका परत बसल्या.

इतक्या लोकांना असं नाराज बसलेलं पाहून रुचिताची जीभ घाबरून आपल्या जुन्या घरी पळाली. “तर माझं काम… लायपोलिसिसच्या रेग्युलेशनमध्ये… म्हणजे लिपिड ड्रॉपलेटच्या सरफेसवर…”

पहिल्या खुर्चीत भैय्यालालजी हसले. लॅमिनेट केलेल्या पानाखाली उभं राहून हसत, तेच हसू. इंग्रजीला द्यायचं हसू.

तिनं ते पाहिलं आणि तिचे शब्द आटले. माइक हूं हूं करत राहिला. कोणीतरी खोकलं.

मागे, भिंतीपाशी, प्रशिकनं हात वर केला. हवेतच एक कडी धरली आणि ओढली. सावकाश, जोर लावून, गंजली असावी अशी.

रुचितानं श्वास घेतला.

“आपल्या घरी धानाची कोठी राहते,” ती म्हणाली. “आई, तुले आठवते? गावच्या घरी होती. सुगीत भरायची, अन् अडीअडचणीत काढायची. आपल्या अंगात अशा लाखो कोठ्या आहेत. त्यात धान नाही, चरबी आहे. चरबी वाईट नसते. ती म्हणजे उद्याची सोय…”

मग ती थांबलीच नाही. पडद्यावर हिरवे थेंब आले तेव्हा पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली, “अगं, साबुदाना!” आणि सभागृह हसलं. भरलेली कोठी आणि उपाशी घर, हे सांगितलं तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. सडपातळ माणसालाही हे होतं, तो खोटं बोलत नसतो, त्याला दारुडा म्हणू नका, असं ती म्हणाली तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या एका बाईनं पदर डोळ्यांना लावला. का, ते तिनं कोणाला सांगितलं नाही. पण तिच्या शेजारी बसलेला काडीसारखा नवरा जरा सरळ बसला.

प्रश्नांच्या वेळी लहानूजी उठले. प्रत्येक कार्यक्रमात एक प्रश्न विचारलाच पाहिजे, असं त्यांचं व्रत होतं. “बाई, बाकी समजलं. पन लोक म्हनतेत, जास्त शिकल्यावर पोट्टीच्या अंगात चरबी येते. ते हेच काय?”

काही माणसं हसली. भैय्यालालजींचे हात गुडघ्यांवर घट्ट झाले.

“हो काकाजी, हेच ते,” रुचिता म्हणाली. आवाज अगदी सौम्य होता. “माझ्या अंगात आहे. प्रत्येक पेशीत असते. ज्या पेशीत काहीच शिल्लक नसते, ती पहिल्या उपासात मरते. आपल्या लोकाईचे लय उपास झाले, काकाजी. आता थोडी राहू द्या.”

पहिली टाळी बायकांमधून आली. मग ती सगळीकडून आली. लहानूजीही वाजवू लागले; सगळे वाजवत असताना न वाजवणं त्यांच्या व्रतात बसत नव्हतं.

*

पोह्यांच्या रांगेत दुर्गहून आलेल्या एका जुन्या सहकाऱ्यानं भैय्यालालजींना गाठलं. त्याला यायला उशीर झाला होता. “काय मग, भैय्यालाल, पोरगी करते तरी काय?”

खांबाआड रुचिता उभी होती. तिच्या हातातली प्लेट थांबली.

भैय्यालालजींनी आपली प्लेट खाली ठेवली. आपल्याकडे माणूस पोह्याची प्लेट खाली ठेवून बोलतो, तेव्हा ते साधं बोलणं नसतं.

“ऐक. लोकाईचं लिव्हर भरलेलं राह्यते, अन् तरी आतून उपाशी राह्यते. कोठी भरून हाय, पन कडी निघत नाही. ते कडी कुठं अडकली, हे कोनालेच मालूम नव्हतं. इंग्रजाईलेबी नव्हतं.” ते जरा थांबले. “माह्या पोरीनं हुडकली.”

सहकारी म्हणाला, “अरे वा!” भैय्यालालजींनी हवामानाचा विषय काढला नाही. उलट, त्याला नीट समजलं नसेल म्हणून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, या वेळी हातवारे करून.

रुचिताच्या प्लेटमधली जिलेबी अंधुक झाली. शेजारी कोणीतरी येऊन उभं राहिल्याचं तिला कळलं. प्रशिक होता. रुमाल काढला, तो तारांच्या धुळीनं काळा झालेला पाहून परत ठेवला, आणि मग नुसताच जवळ उभा राहिला. ते रुमालापेक्षा बरं होतं.

“अन् हा पोट्टा कोन हाय?” भैय्यालालजी वळले होते.

“हाच तो,” पोहे वाढत असलेल्या कमलाबाई म्हणाल्या. “फ्लेक्सवाला. रोज संध्याकाळी चहा पाजत होता म्हने.” आईला हे कसं कळलं, हे विचारण्यात अर्थ नव्हता.

“खोब्रागडे,” प्रशिक म्हणाला. “जय भीम, काकाजी.”

“जय भीम. काम तर झालं आता. तू काय करून राह्यला इथं?”

प्रशिकनं रुचिताकडे पाहिलं. मग तारांचं भेंडोळं खुर्चीवर ठेवलं. त्याचे कान लाल झाले होते.

“काकाजी… मले…” आवाज चिरकला. त्यानं पुन्हा सुरुवात केली. “मले रुचिताच्या संसारात जागा पाहिजे.”

कमलाबाईंच्या हातातला झारा पोह्यांवर तसाच. रुचिताला एका क्षणात सगळं दिसलं: गोंदिया, मावशी, दोन दिवस हसणारी भावंडं. ती पुढे झाली.

“बाबा, ते हिंदीतलं बोलून राहिले. हिंदीत संसार म्हणजे दुनिया. माझ्या कामाची दुनिया त्याईले आवडली, तसं म्हणून राहिले.” ती त्याच्याकडे वळली. “हो ना?”

दार सताड उघडं होतं. फक्त ‘हाँ’ म्हणायचं होतं.

“नाही,” प्रशिक म्हणाला. “हिंदीत बोलायचं असतं… तर मी हिंदीतच बोललो असतो. हा मराठीतला आहे.”

भैय्यालालजींनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. वॅगन दुरुस्त होऊन आली की यार्डात सोडण्याआधी पाहत, तसं.

“मग मले काहून सांगतो पोट्ट्या?” ते शेवटी म्हणाले. “तिले विचार. मी रिटायर मानूस.”

प्रशिक वळला. आता मराठी संपली होती. जेवढी होती तेवढी त्यानं त्या दोन-तीन वाक्यांत खर्च केली होती.

रुचितानं बराच वेळ घेतला. परीक्षकाची टिपणं वाचताना घेते, तेवढा. मग त्याच्या कपाळावरची तारांची काळी रेघ अंगठ्यानं पुसली, सगळ्यांसमोर, मान जराही खाली न घालता.

“वाक्य बरोबर आहे,” ती म्हणाली. “एकही चूक नाही.”

कमलाबाईंचा झारा पुन्हा चालू लागला. प्रशिकच्या प्लेटमध्ये पोहे जरा जास्तच पडले. भैय्यालालजी मात्र तिथं थांबले नाहीत. फाटकातून लोक निघायला लागले होते आणि त्यांना गाठायचं होतं. आज सांगायला त्यांच्याकडे दोन बातम्या होत्या. लग्नाची बातमी कोणाच्याही घरी असते, म्हणून ती त्यांनी मागे ठेवली, आणि पहिल्याच माणसाचा दंड धरून म्हणाले, “जरा थांबा साहेब. तुमाले लिव्हरचं मालूम हाय काय?”